व्रॉत्स्वाफ : जिथली सगळी माणसं बदलली ते शहर

पोलंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ओद्रा नदीच्या काठी व्रॉत्स्वाफ नावाचं शहर आहे. त्याच्या मुख्य चौकात, जुन्या टाउन हॉलजवळ, खुर्चीत बसलेल्या एका माणसाचा ब्राँझचा पुतळा दिसतो. त्याच्या हातात लेखणी आहे. हा अलेक्सांदर फ्रेद्रो, एकोणिसाव्या शतकातला गाजलेला पोलिश विनोदी नाटककार. पोलिश शहराच्या चौकात पोलिश नाटककाराचा पुतळा, यात वेगळं ते काय, असं वाटेल. पण फ्रेद्रो या शहराचा नव्हता. तो हयात असताना हे शहर प्रशिया या जर्मन राज्यात होतं आणि इथल्या रस्त्यांवर जर्मन बोललं जायचं. हा पुतळासुद्धा इथला नाही. १८९७ साली तो पूर्वेकडच्या ल्वुफ शहरात, म्हणजे आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्विवमध्ये, उभा राहिला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ल्वुफ सोव्हिएत संघात गेलं, तिथली पोलिश माणसं पश्चिमेकडे आली आणि त्यांच्या मागोमाग पुतळाही आला. १९५६ साली तो व्रॉत्स्वाफच्या चौकात बसवला गेला. त्याच जागी युद्धापूर्वी प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म घोड्यावर बसलेला असे.

एका चौथऱ्याच्या जागेवरून आधी जर्मन राजा गेला आणि तिथे पोलिश निर्वासित नाटककार आला. या शहराचा इतिहास समजून घ्यायचा तर ही अदलाबदल समजून घ्यावी लागते. शहरं जिंकली-हरली जातात, राजे बदलतात, हे आपल्याला नवं नाही. पण राजा बदलला तरी सहसा सुतार, शिंपी, भटारी, शाळामास्तर तेच राहतात. व्रॉत्स्वाफमध्ये १९४५ नंतर तीन-चार वर्षांत जवळपास सगळीच्या सगळी वस्ती बदलली. सहा लाखांवर माणसं राहत होती ते शहर रिकामं झालं आणि शेकडो किलोमीटर दूरवरून आलेल्या, हे शहर आधी कधी न पाहिलेल्या माणसांनी पुन्हा भरलं.

जुन्या पुस्तकांत आणि नकाशांत हे शहर 'ब्रेस्लाऊ' म्हणून सापडतं. ते जर्मन नाव. लॅटिनमध्ये 'व्रातिस्लाविया', चेक लोकांत 'व्रातिस्लाव्ह', पोलिशमध्ये 'व्रॉत्स्वाफ'. बहुधा दहाव्या शतकातल्या व्रातिस्लाव्ह नावाच्या बोहेमियाच्या, म्हणजे चेक, राजपुत्रावरून ही सगळी नावं आली. मूळ नाव एकच आहे, ते ज्याच्या तोंडी गेलं त्याच्या वळणानं बदललं.

नदीनं निवडलेली जागा

हे शहर इथेच का वसलं, याचं उत्तर ओद्राकडे आहे. चेक डोंगरांत उगम पावून साडेआठशे किलोमीटरांच्या आसपास वाहत बाल्टिक समुद्राला मिळणारी ही नदी व्रॉत्स्वाफच्या परिसरात सपाट जमिनीवर पसरते, फुटते, तिचे फाटे होतात आणि फाट्यांच्या मध्ये बेटं तयार होतात. ओवावा, श्लेंझा, बिस्त्शित्सा, विदावा अशा छोट्या नद्याही याच भागात तिला येऊन मिळतात. रुंद, खोल पात्र एका दमात ओलांडणं जुन्या काळी कठीण होतं. मध्ये बेटं असतील तर एक छोटा फाटा ओलांडायचा, बेटावर दम घ्यायचा, मग दुसरा फाटा ओलांडायचा. त्यामुळे बैलगाड्या आणि घोडे इथेच नदी ओलांडू लागले. बाल्टिकच्या किनाऱ्यावरचा अंबर, म्हणजे दागिन्यांत वापरला जाणारा पिवळसर जीवाश्म डिंक, दक्षिणेकडे नेणारी वाट आणि पूर्वेच्या कीवकडून पश्चिमेला ऱ्हाइनकडे जाणारा राजमार्ग, दोन्ही इथे एकमेकांना छेदत. नदी ओलांडायचा उतार, बाजार आणि राखण करायला सोपं बेट एका ठिकाणी आलं की गाव वसायला आणखी काही लागत नाही.

पहिली वस्ती होती ती ओस्त्रुफ तुम्स्की या बेटावर. ओस्त्रुफ म्हणजे नदीतलं बेट आणि तुम म्हणजे कॅथीड्रल. इ.स. १००० मध्ये पोलंडच्या प्यास्ट घराण्याच्या राज्यात इथे बिशपचं पीठ स्थापन झालं, आणि तेव्हापासून शहराचा लेखी इतिहास सलग मिळतो. नदीचा एक फाटा एकोणिसाव्या शतकात बुजवल्यामुळे ओस्त्रुफ तुम्स्की आता खरं तर बेट राहिलेलं नाही, नाव मात्र टिकलं. तिथे आजही शंभराच्या आसपास गॅसचे दिवे आहेत आणि रोज संध्याकाळी काळा झगा घातलेला माणूस ते एकेक करून हातानं पेटवतो.

मग १२४१ साली मंगोल आले. गाव शत्रूच्या हाती पडू नये म्हणून डाव्या काठावरची वस्ती जाळून लोक बेटावरच्या किल्ल्यात गेले. बेट टिकलं, पण त्याच एप्रिलात लेग्नित्साच्या लढाईत इथला राजा हेन्रिक दुसरा मारला गेला. जळालेल्या डाव्या काठावर नवं शहर आखलं गेलं, तेही मागदेबुर्ग या जर्मन शहराच्या कायद्यानं. त्या कायद्यात व्यापाऱ्यांना स्वतःचा कारभार, स्वतःचं न्यायालय आणि बाजाराचे ठरलेले हक्क मिळत. म्हणूनच मध्य युरोपातले राजे नवं गाव वसवताना तो आनंदानं देत आणि जर्मन कारागीर-व्यापाऱ्यांना बोलावून घेत. आजचा मुख्य चौक, रिनेक, त्याच आखणीतला. सुमारे २१३ मीटर लांब आणि १७८ मीटर रुंद असलेला हा चौक बघितला की जळालेल्या गावातल्या लोकांना पुढे काय उभं करायचं होतं याची कल्पना येते.

हे शहर मुळात पोलिश की मुळात जर्मन, यावर गेल्या दोनशे वर्षांत रागानं भरपूर लिहिलं गेलं. मला त्यापेक्षा जवळच्याच हेन्रिकुफ मठातली एक जुनी पोथी जास्त बोलकी वाटते. सुमारे १२७० सालची ही लॅटिन पोथी आज व्रॉत्स्वाफमध्येच जपलेली आहे. तिच्यात मठाच्या जमिनींचा हिशोब लिहिता लिहिता एका चेक शेतकऱ्याची हकीकत येते. त्याची बायको स्थानिक होती आणि दिवसभर हातानं दळत बसायची. नवऱ्याला तिची कीव आली आणि तो म्हणाला, 'दे, मी दळतो, तू जरा विसावा घे.' लिहिणाऱ्या मठाधिपतीनं ते बोलणं लॅटिनमध्ये न घालता लोकांच्या भाषेत जसंच्या तसं टिपलं, आणि पोलिश भाषेतलं लिहिलेलं पहिलं वाक्य म्हणून आज तेच ओळखलं जातं. श्रवणबेळगोळच्या मूर्तीपाशी कोरलेलं आपलं 'श्रीचामुंडराजें करवियलें' एका मंत्र्याच्या कामाची नोंद करतं. पोलिशचं पहिलं वाक्य जात्याशी बसलेल्या बाईला उठवण्याचं आहे. बोलणारा चेक, लिहून घेणारा जर्मन, भाषा पोलिश. त्या काळच्या सायलेशियात, म्हणजे व्रॉत्स्वाफ ज्या प्रांताची राजधानी आहे त्या प्रांतात, असंच चाललेलं असायचं.

एक शहर, अनेक मुकुट

पुढची सहाशे वर्षं पटकन सांगतो. १३३५ मध्ये इथला शेवटचा प्यास्ट राजपुत्र मुलगा न ठेवता वारला आणि शहर चेक राजमुकुटाखाली गेलं. १५२६ साली चेक-हंगेरीचा तरुण राजा तुर्कांशी लढताना मोहाचला मारला गेला, त्यामुळे ते व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे आलं. १७४१ साली प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकनं सायलेशिया हिसकावून घेतला. १८०७ मध्ये नेपोलियनच्या सैन्यानं शहर घेतलं आणि तटबंदी पाडायला लावली. तिच्या खंदकाकाठी आज सावलीची फिरायची वाट आहे. १८७१ पासून ते एकत्रित जर्मनीचं मोठं शहर झालं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र सावकाश बघायला हवी. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत डाव्या काठावरचं शहर ल्यूथरच्या, म्हणजे प्रोटेस्टंट, बाजूला गेलं आणि बेटावरचा बिशप कॅथलिकच राहिला. एका पुलाच्या दोन टोकांना दोन पंथ शतकानुशतकं नांदले. भांडणं त्याच्याही आधीपासून होती. १३८० च्या नाताळात बेटावरच्या पाद्र्यांसाठी श्विद्नित्सा गावची बिअर पिंपांतून आली. बाहेरची बिअर विकण्याचा हक्क फक्त नगरपरिषदेचा, असं म्हणून नगरपरिषदेनं ती जप्त केली. पाद्र्यांनी चिडून शहरातली सगळी धर्मकृत्यं बंद ठेवली. तंटा इतका चिघळला की पुढच्या वर्षी चेक राजा स्वतः आला, आणि पाद्री ऐकत नाहीत म्हटल्यावर त्याच्या शिपायांनी बेट लुटलं. टाउन हॉलच्या तळघरात १२७३ पासूनचा वारसा सांगणारी पिवनित्सा श्विद्नित्का ही खानावळ आजही आहे, आणि तिच्या नावात तेच श्विद्नित्सा आहे.

ब्रेस्लाऊ, आणि पुण्यापर्यंत पोहोचलेला एक धागा

१७०२ साली सम्राट लिओपोल्डनं इथे जेसुइटांची विद्यापीठासारखी संस्था काढली. १८११ मध्ये प्रशियानं तिचं पूर्ण विद्यापीठ केलं आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत ते युरोपातल्या नावाजलेल्या विद्यापीठांत गणलं जाऊ लागलं. आलोइस अल्झायमर आपल्या शेवटच्या वर्षांत इथेच प्राध्यापक होता. क्वांटम भौतिकशास्त्रातला माक्स बॉर्न या शहरात १८८२ साली जन्मला, आणि हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा फ्रिट्झ हाबर १८६८ साली. याच हाबरनं पहिल्या महायुद्धात विषारी वायूही रणांगणावर आणला. विद्यापीठानं मानद पदवी दिली म्हणून ब्राम्स या संगीतकारानं एक रचना केली आणि १८८१ च्या जानेवारीत ती प्रथम इथेच वाजवली.

मराठी वाचकाचा या शहराशी जो धागा जुळतो तो मात्र संस्कृतच्या वाटेनं. एकोणिसाव्या शतकात अडॉल्फ फ्रीड्रिख श्टेंत्स्लर ब्रेस्लाऊमध्ये संस्कृत शिकवत. त्यांनी 'कुमारसंभव', 'मृच्छकटिक' आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या संहिता संपादित केल्या. १८६८ साली त्यांनी लिहिलेलं संस्कृतचं प्राथमिक पुस्तक जर्मन विद्यापीठांत पिढ्यानपिढ्या शिकवलं गेलं. त्यांच्याकडे ब्रेस्लाऊला शिकून गेलेल्यांत एक तरुण होता, फ्रान्झ कीलहॉर्न. हा कीलहॉर्न १८६६ मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात संस्कृतचा प्राध्यापक म्हणून आला आणि पंधरा वर्षं राहिला. पतंजलीच्या 'महाभाष्या'ची त्यानं केलेली चिकित्सक आवृत्ती मुंबई संस्कृत मालेत निघाली आणि व्याकरणाचे अभ्यासक आजही ती उघडतात. तो जर्मनीला परतल्यावर डेक्कन कॉलेजातली ती जागा रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे आली. ओद्राकाठच्या एका वर्गातून मुळा-मुठेच्या काठापर्यंत आलेला हा धागा मला फार मोलाचा वाटतो, कारण पुढे जे घडलं त्यात ते ब्रेस्लाऊ पुरतं पुसलं गेलं.

१९१३ साली शहरानं एक प्रचंड सभागृह बांधलं. शंभर वर्षांपूर्वी, १८१३ मध्ये, प्रशियाच्या राजानं नेपोलियनविरुद्ध उठण्याची हाक याच शहरातून दिली होती, त्याची ती आठवण. वास्तुविशारद माक्स बेर्ग. घुमटाचा आतला व्यास ६५ मीटर, सगळा सळ्या घातलेल्या काँक्रीटचा. त्या काळी जगात या प्रकारचा एवढा मोठा घुमट दुसरा नव्हता. २००६ पासून ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

या समृद्ध शहराचा मोठा वाटा तिथल्या ज्यू समाजानं उचलला होता. डॉक्टर, वकील, व्यापारी, प्राध्यापक, रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, घडवणारं नामांकित विद्यालय, सगळं होतं. १९३३ नंतर एकेक दार बंद होत गेलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंवर हल्ले झाले त्या रात्री शहराचं मोठं नवं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिर, जाळलं गेलं. 'पांढरा करकोचा' नावाचं जुनं सिनेगॉग वाचलं, कारण ते दाट वस्तीत होतं आणि आग शेजारच्या घरांना लागली असती. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी सुमारे हजार ज्यू नागरिकांना गाडीत घालून लिथुआनियातल्या काउनास शहरी नेण्यात आलं आणि चारच दिवसांनी तिथल्या किल्ल्यात गोळ्या घालून मारण्यात आलं. पुढे अशा आणखी गाड्या गेल्या. शहराची माणसं बदलायला १९४५ मध्ये सुरुवात झाली असं म्हणतात, ते पुरतं खरं नाही. सुरुवात या गाड्यांपासून झाली.

ऐंशी दिवस

१९४४ च्या ऑगस्टमध्ये हिटलरनं ब्रेस्लाऊ हा 'किल्ला' असल्याचं जाहीर केलं. अर्थ एवढाच की शहर शेवटच्या माणसापर्यंत लढवायचं, शरण जायचं नाही. तोवर हे शहर बॉम्बफेकीपासून बरंचसं सुरक्षित राहिलं होतं, म्हणून जर्मनीच्या इतर भागांतून लोक इथे आसऱ्याला आले होते. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य ओद्रापाशी येऊन ठेपलं. नाझी पक्षाचा इथला प्रमुख कार्ल हांके यानं आयत्या वेळी बायकामुलांना शहर सोडायचा हुकूम दिला. आगगाड्या पुरेनात. कडाक्याच्या थंडीत, बर्फातून, बाबागाड्या ढकलत माणसं पायी निघाली. वाटेत गोठून मेलेल्यांत तान्ही मुलं होती.

हे वेडेपण आहे असं ज्यांना वाटलं त्यांनाही सोडलं नाही. २८ जानेवारीला शहराचे दुय्यम महापौर वोल्फगांग श्पीलहागेन यांना मुख्य चौकात, तिसऱ्या फ्रेडरिक विल्हेल्मच्या त्याच पुतळ्यापाशी, गोळ्या घालण्यात आल्या. फेब्रुवारीच्या मध्याला वेढा पक्का आवळला गेला. शहरातला विमानतळ हातचा जाणार म्हणून हांकेनं शहराच्या मधोमध धावपट्टी बनवायची ठरवली. त्यासाठी घरं, चर्च, संग्रहालयाच्या इमारती असा अख्खा भाग सुरुंग लावून सपाट केला. मुलं, बाया आणि वेठीला धरलेले परदेशी मजूर बॉम्बवर्षावात दगड उचलत राहिले आणि हजारोंनी मेले. आज तिथे ग्रुनवाल्ड चौक आहे, विद्यार्थ्यांनी गजबजलेला. बर्लिन २ मे रोजी पडलं, पण ब्रेस्लाऊनं ६ मेपर्यंत शस्त्रं खाली ठेवली नाहीत. हांके आदल्या रात्रीच छोट्या विमानात बसून निसटला होता.

इमारतींपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास पडल्या किंवा जळाल्या. हा नाश नुसता शत्रूच्या तोफांनी झाला नाही. मोठा भाग शहराची राखण करणाऱ्यांनीच उडवला, हे विसरू नये.

किल्ल्या कोणाच्या हातात

आता मूळ प्रश्न येतो. शहर पोलंडला का मिळालं? कारण पोलंड हा देशच पश्चिमेकडे सरकवला गेला. १९३९ मध्ये स्टालिननं घेतलेला पोलंडचा पूर्व भाग, त्यात ल्वुफ आणि विल्नो (आजचं लिथुआनियातलं विल्नियस), सोव्हिएत संघानं परत द्यायला नकार दिला. ब्रिटन आणि अमेरिकेनं ते मान्य केलं. बदल्यात पोलंडला जर्मनीचा पूर्व भाग द्यायचं ठरलं आणि ओद्रा व निसा या नद्या नवी सीमा झाल्या. पॉट्सडॅमच्या परिषदेत, ऑगस्ट १९४५ मध्ये, त्या भागातल्या जर्मनांना हलवण्यावर शिक्कामोर्तब झालं. आपल्याकडच्या फाळणीच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. इथे सीमा सरकली आणि मग त्या सीमेप्रमाणे माणसं सरकवली.

ब्रेस्लाऊचे जर्मन १९४५ ते १९४७ या काळात बहुतेक सगळे गेले. हातात नेता येईल तेवढंच सामान घेऊन आगगाडीच्या मालडब्यांतून त्यांना पश्चिमेकडे पाठवण्यात आलं. त्याच काळात पूर्वेकडून उलट गाड्या येत होत्या. ल्वुफची, व्होल्हिनियाची, विल्नोची पोलिश माणसं, कधी एकाच डब्यात गाई आणि मुलं, कित्येक आठवडे प्रवास करून. मध्य पोलंडच्या खेड्यांतूनही पुष्कळ आले, आणि छळछावण्यांतून वा सोव्हिएत संघातून वाचलेले ज्यूही. काही महिने तर एकाच घरात दोन्ही कुटुंबं राहत होती, घर सोडायची वाट बघणारं जर्मन आणि घर मिळालेलं पोलिश. दोन्हीकडे रडणारी माणसं होती. कपाटात जर्मन अक्षरं असलेल्या मिठाच्या बरण्या, भिंतीवर अनोळखी फोटो, बागेत दुसऱ्यानं लावलेली झाडं. आणि डोक्यात सतत हे की जर्मन परत येतील, म्हणून बॅग उघडायची नाही. कित्येक घरांत ती बॅग वर्षानुवर्षं पलंगाखाली तशीच राहिली.

आपल्याकडच्या एका गोष्टीशी या माणसांचं थेट नातं आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. ती याच पूर्व पोलंडची. सोव्हिएत सत्तेनं १९४०-४१ मध्ये सायबेरियात हाकललेली आणि मग इराणमार्गे भारतात पोहोचलेली. युद्ध संपलं तेव्हा 'घरी परत जा' या शब्दांना त्यांच्यापुरता अर्थ उरला नव्हता, कारण घर आता दुसऱ्या देशात होतं. त्यांची कुणी आत्या, कुणी मावशी त्याच वेळी ओद्राकाठच्या अनोळखी शहरात किल्ली फिरवून बघत होती. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्या छावणीची आठवण जपणारा स्तंभ आहे.

ल्वुफहून फक्त माणसं आली असं नाही. प्राध्यापकांचा मोठा गट आला, त्यात गणितज्ञ हुगो श्टाइनहाउस होते. ल्वुफच्या 'स्कॉटिश कॅफे'त गणितज्ञ एका वहीत प्रश्न लिहून ठेवत आणि सोडवणाऱ्याला बक्षीस लावत. तीच प्रथा व्रॉत्स्वाफमध्ये नव्या वहीत पुढे चालली. १८१७ साली स्थापन झालेल्या ओस्सोलिनेउम या ग्रंथसंग्रहाचा एक हिस्सा आला. बाकीचा मागेच राहिला. आणि आलं एक अजस्र चित्र, 'रात्स्वावित्सेची लढाई', सुमारे ११४ मीटर लांब आणि १५ मीटर उंच, गोलाकार भिंतीवर मांडायचं. १७९४ मध्ये पोलिश शेतकऱ्यांनी विळे-कोयत्यांनी रशियन तोफांवर चाल केली, तो प्रसंग. सोव्हिएत मैत्रीच्या काळात रशियाला हरवल्याचं चित्र लावणार कसं? गुंडाळीच गोदामात पडून राहिली. ती लोकांसाठी खुली झाली १९८५ साली.

इकडे व्रॉत्स्वाफच्या विटा बाहेर जात होत्या. वॉर्सा पुन्हा बांधायला विटा हव्या होत्या आणि पडलेल्या जर्मन शहरात त्या मिळत होत्या. कुणाला खात्री होती हे शहर आपलं राहील म्हणून? पश्चिम जर्मनीनं सीमेला १९७० साली मान्यता दिली आणि अंतिम करार झाला तो १९९० मध्ये. युद्धापूर्वीची लोकसंख्या शहरानं पुन्हा गाठायला चाळीस वर्षांच्या आसपास लागली.

दगडांवरची नावं

या अनिश्चिततेवर सरकारचं उत्तर सोपं होतं. हा प्रदेश नेहमी पोलिशच होता, तो 'परत मिळाला', असं सांगत राहायचं. १९४८ मध्ये माक्स बेर्गच्या घुमटाभोवती 'पुनर्प्राप्त प्रदेशां'चं भव्य प्रदर्शन भरलं आणि पोलादाची शंभर मीटरांहून उंच सुई उभारली गेली. ती अजून तिथे आहे, थोडी आखूड होऊन. शहर प्यास्ट राजांचं, एवढंच शिकवायचं. मधली सहाशे वर्षं गाळायची. दुकानांवरची जर्मन अक्षरं रंगवून टाकली, रस्त्यांची नावं बदलली. सगळ्यात वाईट म्हणजे पुढच्या काळात जर्मन कबरस्तानं मोडून टाकली आणि थडग्यांचे दगड बांधकामाला वापरले. घर गमावलेल्या माणसांकडून दुसऱ्याच्या मेलेल्यांची ही अशी गत व्हावी याचं मला वाईट वाटतं, आणि ते का झालं हेही कळतं. जखम ताजी होती आणि भीती खरी होती.

म्हणूनच १९६५ च्या नोव्हेंबरातलं एक पत्र मला इतकं मोठं वाटतं. पोलिश बिशपांनी जर्मन बिशपांना ते लिहिलं आणि त्याचा मसुदा केला होता व्रॉत्स्वाफच्याच बोलेस्वाफ कोमिनेक यांनी. त्यात जर्मन अत्याचारांची आठवण होती, पण हाकललेल्या जर्मनांच्या दुःखाचाही उल्लेख होता आणि शेवटी 'आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो' असे शब्द होते. युद्धात साठ लाखांच्या आसपास नागरिक गमावलेल्या देशातून हे आलं. सरकार भडकलं, सामान्य लोकही रागावले. क्षमा मागायची ती कशाबद्दल? उत्तर पचायला बराच काळ गेला. २००८ साली ग्राबिशिन भागातल्या बागेत, मोडून टाकलेल्या कबरस्तानांमधून वाचलेल्या थडग्यांचे तुकडे एका भिंतीत बसवले गेले. आता अस्तित्वात नसलेल्या कबरस्तानांत पुरलेल्या या शहराच्या जुन्या रहिवाशांसाठी, असं त्यावर पोलिश आणि जर्मन दोन्ही भाषांत लिहिलेलं आहे.

दरम्यान इथे जन्मलेली पिढी मोठी झाली होती. डिसेंबर १९८१ च्या सुरुवातीला, लष्करी कायदा लागू होण्याच्या दहा दिवस आधी, सॉलिडॅरिटी या कामगार चळवळीच्या इथल्या कार्यकर्त्यांनी बँकेतून आपले आठ कोटी झ्लोटी काढून घेतले आणि बिशपच्या घरी लपवून ठेवले. पुढची कित्येक वर्षं छुपी छपाई आणि तुरुंगातल्यांच्या घरची चूल त्यावर चालली. पोलीस सरकारविरोधी घोषणा पांढऱ्या रंगानं झाकायचे, तर वाल्देमार फिद्रिख आणि त्याचे 'नारिंगी पर्याय' या थट्टेखोर निषेध-गटातले मित्र त्या रंगाच्या डागांवर टोपीवाले बुटके काढायचे. बुटक्याचं चित्र काढलं म्हणून अटक करायची तर पोलिसांचीच पंचाईत. त्या आठवणीला २००१ साली पहिला ब्राँझचा बुटका उभा राहिला आणि आज शहरभर असे शेकडो आहेत. त्यांना शोधत फिरणारी मुलं आता या शहराची ओळख झाली आहेत.

पाणी आलं तेव्हा

१९९७ च्या जुलैत दक्षिणेकडच्या डोंगरांत दिवसच्या दिवस पाऊस कोसळला आणि ओद्राला कधी नव्हे इतकं पाणी आलं. १९०३ च्या पुरानंतर जर्मन अभियंत्यांनी शहराभोवती पुराचे कालवे खोदले होते. ते वाहून नेऊ शकतील त्याहून कितीतरी जास्त पाणी आलं. वरच्या अंगाला वानी गावापाशी बांध फोडून पाणी शेतांत सोडायची योजना होती. गावकरी बांधावर उभे राहिले आणि सुरुंग लावता आले नाहीत. १२ जुलैला लाट शहरात शिरली. शहराचा सुमारे तिसरा हिस्सा पाण्याखाली गेला. सर्वात वाईट अवस्था झाली ती कोझानुफची, म्हणजे सत्तरच्या दशकापासून बहुमजली इमारती उभ्या राहिल्या त्या भागाची. जुन्या जर्मन नकाशांत ही पुराची जमीन होती आणि तिथे घरं बांधलेली नव्हती. नवं शहर वसवणाऱ्यांनी जुन्यांची भाषा पुसली, तिच्यासोबत नदीबद्दलचं हे शहाणपणही हातचं निसटलं.

पण त्याच रात्री शहराच्या जुन्या भागात दुसरं काहीतरी घडलं. हुकुमाची वाट न पाहता हजारो माणसं रस्त्यावर आली. वाळूची पोती हातोहात पुढे जात राहिली. ओस्त्रुफ तुम्स्कीच्या काठावर, विद्यापीठाच्या दारात, प्राणिसंग्रहालयाभोवती. ओस्सोलिनेउममध्ये ल्वुफहून आलेली पुस्तकं आणि हस्तलिखितं माणसांची साखळी करून वरच्या मजल्यांवर नेली. ज्यांच्या आजी-आजोबांनी इथे बॅग उघडायची नाही असं ठरवलं होतं, ती नातवंडं जुन्या कॅथीड्रलची भिंत वाचवायला गुडघाभर पाण्यात उभी होती. त्या रात्रीच हे शहर आपलं झालं, असं व्रॉत्स्वाफमधले अनेकजण सांगतात.

कोझानुफ २०१० मध्ये पुन्हा बुडालं. त्यानंतर बांध उंचावले, कालवे रुंद केले आणि वर रात्सिबुश गावापाशी पुराचं पाणी अडवायला साडेअठरा कोटी घनमीटरचा कोरडा जलाशय बांधला. तो २०२० मध्ये पूर्ण झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तसाच पाऊस पुन्हा पडला तेव्हा त्या जलाशयानं लाट कापली आणि ओद्रा व्रॉत्स्वाफच्या शंभरावर पुलांखालून, काठ न सोडता, बाल्टिककडे निघून गेली.